वाटीतल्या पुड्या

दारांना कड्या नव्हत्या, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. एका नगरात एक कासारीण आणि एक म्हातारी कुंभारीण शेजारी शेजारी राहायच्या. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, अशी तिथली रीत होती.

गाय व्याली म्हणून कुंभारीण आत्याने वाटीभर खरवस पाठवला. वाटी परत करायच्या वेळी कासारणीच्या घरात द्यायला काहीच नव्हतं. होत्या फक्त सात पुड्या, वैद्यबुवांनी तिच्या कंबरदुखीसाठी केळीच्या सालीच्या दोऱ्याने बांधून दिलेल्या. कंबर तर केव्हाच मोकळी झाली होती. इकडे माती तुडवून आत्याचे गुडघे धरलेले. कासारणीने त्या पुड्याच वाटीत ठेवल्या.

"घ्या आत्या, दुखणं कसं पळतं बघा!"

जेवल्यावर घ्यायची, दिवसाला एकच, हे सांगायचं राहूनच गेलं. आत्याला पोटात जळजळीचं जुनं दुखणं आहे, हेही तिला आठवलं नाही.

आत्याचे गुडघे दुखायचे थांबले. मग काय, सकाळ-संध्याकाळ पुडी, तीही उपाशीपोटी! चौथ्या दिवशी आत्या पांढरीफटक पडली. कासारीण विचारपूस करायला गेली, तर आत्या तिच्या कानाशी लागली.

"अगं, परसाकडला काळंकुट्ट होतंय, डांबरासारखं. बोलू नकोस हो कुठं, लाज वाटते."

कोनाड्यातल्या वाटीत एकच पुडी उरली होती. कासारणीने मनात हिशोब केला, सहा गेल्या. माझ्या पुड्यांनीच तर नाही? पण सांगितलं, तर उद्या बांगड्या भरायला हात कोण पुढे करील? "हिनं म्हातारीला काय चारलं कुणास ठाऊक," असंच म्हणतील. त्या दुपारी तिच्या हातून डझनभर बांगड्या फुटल्या.

उन्हं कलताना वैद्यबुवा आले. कासारीण दारातच थबकली.

"काही घेतलं होतंत का?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्याने दाराकडे पाहिलं, नि नजर वळवली. "छे हो! गुडघे धरलेत नि थकवा आलाय, एवढंच."

"मग गुडघ्यांवर ही घ्या," म्हणत त्यांनी बटव्यातून पुडी काढली. तीच पुडी! तसाच केळीच्या सालीचा दोरा.

"नको! वैद्यबुवा, नको!" कासारीण धावत आत आली. "हीच घेऊन झालंय हे. मीच दिल्या. सहा पोटात गेल्यात. आणि काळं होतंय हो तिला!"

वैद्यबुवांचा हात जागीच थांबला. त्यांनी नाडी पाहिली.

"आतून रक्त जातंय. आणखी एक गेली असती, तर म्हातारी हाती लागली नसती. बाई, तुझ्या कंबरेला जे औषध, तेच हिच्या पोटाला सुरी झालं."

आत्या महिनाभर अंथरुणाला खिळली. पेज भरवायला कासारीणच बसे. बाया तिला पाहून हात पदराखाली लपवत, तिने ते मुकाट सोसलं.

उठल्या दिवशी आत्या ओटीवर आली आणि साऱ्या आळीदेखत तिने मनगट पुढे केलं. "भर गं, हिरव्या भर. आणि वाटीत यापुढे गुळाचा खडा घाल, काय?"

म्हणून लहानथोरांनो, आपलं औषध दुसऱ्याला वाटू नये, आणि पोटात काय गेलं ते वैद्यापासून लपवू नये.