फटीतली चोच

फार मागे, पाखरं एकमेकांचं ऐकून घेत असत तेव्हा, धनेश पक्ष्यांत रीत होती: पिल्लू उडालं की त्याचं झाड वेगळं आणि आईबापाचं वेगळं. त्यामुळे मुलगा "आई, आता आमच्याकडेच राहा," म्हणत आला, तेव्हा म्हातारी धनेशीण आधी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

ती गेली, पण सावध राहून. मुलाने तिला आपल्या ढोलीत जागा दिली आणि चौथ्याच दिवशी त्या ढोलीच्या तोंडाशी चिखल आणून टाकायला लागला. म्हातारीला वाटलं, मला आत कोंडणार आणि विसरणार! रोज संध्याकाळी ती ओली भिंत उकरून टाकायची. सकाळी सून पुन्हा लिंपायची.

शेवटी म्हातारी कडाडली, "कुणाला कोंडतेस गं?"

"मला स्वतःला," सून म्हणाली. "अंडी घालायचीत. तुम्हीही अशाच बसला होतात ना, आई? आता तुम्ही बाहेर व्हा. तीन महिने मला भरवायला ह्यांची एकट्याची चोच पुरायची नाही."

"अस्सं! म्हणजे राबायला आणलंत मला."

म्हातारी फणकाऱ्याने बाहेर पडली. सुनेने आतून भिंत पुरी केली आणि चोचीपुरती फट ठेवली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी दोन उंबरं घेऊन आली. "पिल्लं उडाल्यावर मी कुठल्या झाडावर राहायचं, ते आत्ताच सांग."

फटीतून उत्तर आलं नाही, नुसती उघडी चोच आली.

म्हातारीने तिच्यात एक उंबर टाकलं. दुसरं पायाखाली दाबून धरलं आणि ती उत्तराची वाट बघत बसली.