दोन बोटं आखूड

"मग सुया परत घेताय की नाही, मास्तर?"

तृप्ती लेंगरेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. विणायच्या दोन स्टीलच्या सुया तिनं आत्तारमास्तरांच्या टेबलावर ठेवल्या होत्या, आणि मास्तर काही केल्या तिकडं बघायला तयार नव्हते. ते आपले कुणाच्या तरी परकराला नेफा घालत बसले होते.

मास्तरांचं दुकान विट्याच्या एसटी स्टँडला लागून. दुकान कसलं, खोकंच ते. एक मशीन, एक टेबल, एक पत्र्याची ट्रंक आणि गिऱ्हाइकानं बसायला एक स्टूल. बशीर आत्तार तेवीस वर्षं पलटणीत शिंपी होते. पलटण डोंगराळ मुलखात गेली तेव्हा तिथल्या बायकांचं बघून बघून विणकाम शिकले. निवृत्त होऊन गावी आले आणि दुकानात बसून स्वेटर विणू लागले, तेव्हा बाप्या माणूस विणतोय म्हणून निम्म्या विट्यानं हसून घेतलं. मग हळूहळू तेच लोक आपापल्या लेकी त्यांच्याकडं शिकायला धाडू लागले.

त्यातलीच एक तृप्ती. तेव्हा चौदा वर्षांची होती. पहिला स्वेटर पुरा झाला तेव्हा मास्तरांनी आपल्या फौजेतल्या सुया तिला देऊन टाकल्या होत्या. त्याच आता टेबलावर होत्या.

"बोला की मास्तर."

"माझी सुई चालू हाय. थांब जरा."

तृप्ती थांबली. थांबणं तिला कधी जमायचं नाही, तरी थांबली. तिला चारची लातूर गाठायची होती.

आता ती छत्तीसची होती. हॉस्पिटलांत डायलिसिसची मशीनं बसवायची, बिघडली की जाऊन दुरुस्त करायची, अशी तिची नोकरी. आज लातूर, उद्या नांदेड, तिथून परस्पर यवतमाळ. महिन्यातले वीस दिवस बाहेर. नवरा आणि सासूबाई घर सांभाळायचे, आणि नऊ वर्षांची जुई त्या दोघांना सांभाळायची.

पण एवढ्या धावपळीत तृप्तीनं हात म्हणून थांबवले नव्हते. रविवारी घरी कापड बेतायचं, मोठ्या शिलाया मशीनवर मारून घ्यायच्या. तुरपाई, काजं, बटणं हे सगळं पिशवीत घालून बसमध्ये. रस्ता खड्ड्यांचा लागला की शिवण आत आणि विणकाम बाहेर, कारण विणायच्या सुयांना धक्क्याचं काही वाटत नाही. मशीन आतून धुवायला लावलं की पाऊण तास नुसतं बसावं लागतं, त्यात दहा ओळी सहज पडतात. जुईचे फ्रॉक, सासूबाईंचे ब्लाऊज, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, सगळं असं गावोगाव फिरून झालेलं. "मी एक मिनिट फुकट घालवत नाही," असं ती चारचौघांत सांगायची. आणि सांगताना मान जरा ताठ व्हायची, हेही खरं.

मास्तरांनी दोरा तोडला. चष्मा कपाळावर सारला.

"हं. काय झालं?"

तृप्तीनं पिशवीतून स्वेटर काढला. मोरपंखी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, पुढं बारीक वेलीचं विणकाम. मास्तरांनी तो उजेडात धरला. उलटा केला. आतली बाजू बघितली. हे बघितल्याशिवाय ते कुणाचं कौतुक करत नसत.

"झकास केलंयस. एक टाका ढिला नाही. कुठं विणलास?"

"कुठं नाही ते विचारा. जूनमध्ये सुरू केला. परवा पुरा झाला."

"मग?"

"जुईला होत नाही."

"कुठं अडतंय?"

"बाहीला. दोन बोटं आखूड." तृप्तीचा आवाज चिरकला. "दोन बोटं, मास्तर! तिनं घातला, हात पुढं केले, तर मनगटं उघडी. मी गप्पच झाले. तर ती मला म्हणते, आई, मस्त आहे, हात धुताना भिजणार नाही."

मास्तर मोठ्यानं हसले.

"हसू नका हो!"

"बरं, नाही हसत."

"नऊ वर्षांची पोर मला समजावते. मी न्हाणीत जाऊन रडले." तिनं पदरानं नाक पुसलं. "माप मी तिच्या जुन्या स्वेटरवरून घेतलं होतं. ती शाळेत होती, माझी गाडी सुटत होती. म्हटलं, स्वेटर आहे की समोर. आणि नंतर पाच महिने मी तिची बाही विणत होते, पण तिचा हात केवढा झाला हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाच्या मशीनांची मापं मला पाठ आहेत. माझ्या लेकीचंच माप नाही."

मास्तरांनी स्वेटर तिच्या हातात दिला.

"विणते म्हणजे मी घरात आहे, असं मला इतकी वर्षं वाटायचं. जुई घालते, म्हणजे मी तिच्याजवळ आहे. ते सगळं खोटं ठरलं. म्हणून म्हणते, घ्या या सुया. कुणा घरी बसणाऱ्या बाईला द्या."

बाहेर सांगलीची गाडी लागली. माणसं पळाली. गाडी गेली.

"वाढत्या अंगाचं का नाही केलंस?" मास्तरांनी विचारलं. "पोराचा कपडा म्हटल्यावर सगळं जग दोन बोटं जास्त धरतं."

"तुम्हीच शिकवलंत. ढगळ कपडा आपल्या हातून जाता कामा नये."

"मी शिकवलं?"

"कानाला धरून."

मास्तरांनी स्वतःच्याच कानाची पाळी धरली आणि मान हलवली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, ट्रंक उघडली, आणि तळातून एक डबा काढला. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावरचं चित्र पार उडून गेलेलं.

त्यात दोरे होते. पांढरे, साधे, गोधडीला वापरतात तसले जाड दोरे. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना गाठ.

मास्तरांनी एकेक दोरा टेबलावर ठेवायला सुरुवात केली. वरच्या गाठी एका रेषेत, दोरे खाली सोडलेले. पहिला वीतभरच होता. दुसरा त्याहून लांब. तिसरा त्याहून.

"काय आहे हे?"

"आमचा इक्बाल."

तृप्ती बघतच राहिली. मास्तरांच्या मुलाला, इक्बालभाईंना, तिनं बघितलं होतं. सहा फुटी माणूस, पोट सुटलेलं, कोल्हापूरकडं कुठल्याशा शाळेत हेडमास्तर.

"आमच्या हमीदाला लिहिता येत नव्हतं," मास्तर म्हणाले. "पत्र शेजारच्या बाई लिहून द्यायच्या. पण हा दोरा तिचा. पोराच्या खांद्यावर धरायचा, मनगटाला गाठ मारायची, पाकिटात घालायचा. मी तिकडं बर्फात बसून बाही विणायचो. कधी ट्रकमध्ये, कधी तंबूत. पार्सल इकडं पोचायला हिवाळा यायचा. मग पत्र यायचं, स्वेटर आखूड झाला, हा घ्या नवा दोरा."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. मेजरसाहेबांच्या कोटाला मी सुरकुती पडू दिली नाही, आणि पोराची बाही मात्र कायम आखूड. मला चीड यायची बघ. पण वाढत्या अंगाचं करायचं नाही, म्हणजे नाहीच. ढगळ कपडा माझ्या हातून?"

तृप्तीला हसू आलं. डोळे ओले होते तरी आलं.

तिनं टेबलावर वाकून दोरे मोजत बोट फिरवलं. आठव्या दोऱ्याशी बोट थांबलं.

"मास्तर, हा आणि याच्या पुढचा... दोन्ही सारखेच आहेत."

मास्तरांनी डब्याचं झाकण बाजूला सारलं.

"चुकून एकच दोन वेळा पाठवला का?"

"नाही."

...

"त्या वर्षी सरहद्दीवर गडबड होती," मास्तर म्हणाले. " कुणाला सुट्टी नाही. वर्षभर मी घर बघितलं नव्हतं. पार्सल धाडलं, आणि पत्र आलं. स्वेटर अगदी मापात बसला. आखूड नाही, ढगळ नाही. सोबत हा दोरा."

"मग?"

"मग काय! मी नाचायचा बाकी राहिलो. सगळ्या बराकीला पत्र वाचून दाखवलं. बघा म्हटलं, दोन हजार किलोमीटरवरनं माप बरोबर बसवलं, शिंपी असावा तर असा. सगळ्यांनी पाठ थोपटली."

मास्तरांनी ते दोन दोरे उचलले आणि शेजारी शेजारी धरले.

"आमचे सुभेदार होते, सात लेकरांचा बाप. ते तेवढे हसले नाहीत. म्हणाले, बशीर, गेल्या वर्षीचा दोरा आण. मी आणला. त्यांनी दोन्ही असे धरले. आणि म्हणाले, अर्ज लिही, मी सही आणतो, आजच्या आज घरी जा."

वर्षभरात पोर वाढलंच नव्हतं, हे तृप्तीला कळलं, आणि कळल्यावर तिनं स्टुलाची कड घट्ट धरली.

"टायफॉइड, त्यावर कावीळ," मास्तर म्हणाले. "काळजी नको म्हणून हमीदानं पत्रात काही घातलं नव्हतं. दोरा मात्र खराच पाठवला. मी दारात उभा राहिलो, तर माझा स्वेटर घालून पोरगं खाटेवर बसलेलं. मापात बसलेला... अगदी मापात. असं बसलेलं कुठल्या बापाला बघायला लागू नये."

"मग बरे झाले ना?"

"मिरजेला नेलं. डॉक्टर देवमाणूस निघाला. सहा महिने लागले. मी कामावर गेलो, पुन्हा बाही विणली, पुन्हा पार्सल." त्यांनी पुढचा दोरा उचलून त्या दोघांशेजारी ठेवला. तो चांगला तीन बोटं लांब होता. "आणि पत्र आलं, स्वेटर आखूड झाला."

"तुम्ही काय केलंत?"

"पेढे वाटले. सगळ्या पलटणीला. साहेब विचारतात, आत्तार, प्रमोशन झालं का? मी म्हटलं, साहेब, स्वेटर आखूड झाला! त्यांना वाटलं, थंडीनं डोकं फिरलं याचं."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे टिपले. दोरे एकेक करून परत डब्यात ठेवले. घाई केली नाही.

तृप्ती मोरपंखी बाहीकडं बघत बसली. दोन बोटं. जूनपासून आतापर्यंत दोन बोटं. ती नांदेडला होती तेव्हा, यवतमाळला होती तेव्हा, पोर इकडं जेवत होती, खेळत होती, सासूबाईंशी भांडत होती आणि वाढत होती. कुणीतरी तिला वेळेवर वाढलं होतं, रात्री अंगावर पांघरूण घातलं होतं. तृप्तीला आपल्या सासूबाईंची आठवण आली. त्यांचं बोलणं खरखरीत, पण पोरीच्या ताटात तूप त्याच वाढायच्या. नवऱ्याची आठवण आली, तो रोज सकाळी जुईची वेणी घालायचा, आणि वाकडी घालायचा. तिला इतकं भरून आलं की कुणाचे पाय धरावेत ते कळेना. तिनं मास्तरांचेच धरले.

"अगं, ऊठ ऊठ. गिऱ्हाईक बघतंय."

गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

मास्तरांनी टेबलाखालून लोकरीचा एक गुंडा काढला आणि तिच्या पुढ्यात टाकला. शेंदरी रंगाचा.

"मनगटाशी टाके उचल आणि वाढव."

"ह्यानं? मोरपंखीला शेंदरी? मास्तर, जोड दिसेल. लांबून दिसेल!"

"दिसंल की."

"शाळेत विचारतील तिला."

"सांगंल ती."

तृप्तीनं टेबलावरच्या सुया उचलल्या. आपल्याच पिशवीतली वस्तू चुकून बाहेर राहिली होती, अशा हातानं उचलल्या. स्वेटर, गुंडा, सुया, सगळं पिशवीत गेलं. तिनं घड्याळ बघितलं. सव्वातीन.

मास्तरांनी रिळावरनं हातभर जाड दोरा ओढला, दातानं तोडला आणि तिच्या हातात दिला.

"स्वेटरला धरू नको हां. पोरीला धर."

"आज रविवार आहे. घरीच आहे ती." तृप्ती उठली. "आधी घरी जाते. लातूर पाचच्या गाडीनं गाठते."

"जा."

ती पायरी उतरली. चार पावलं गेली, आणि दोरा मुठीत घट्ट धरून परत वळली. चेहऱ्यावर जुनी काळजी थोडी परत आली होती.

"मास्तर, या खेपेला पंधरा दिवस बाहेर आहे. पुढची खेप त्याहून मोठी. हे पुरं होईपर्यंत पोर पुन्हा वाढली तर?"

मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला आणि परकर पुढं ओढला.

"तर येताना पेढे आण."