आईने दिलेली उत्तरं

तळ्याकाठच्या एका गावात एक कुंभारीण राहत असे. तिला सगुणा नावाची एकुलती एक मुलगी होती. पोर कामाला चपळ, पण फार बुजरी.

एखादं गिऱ्हाईक विचारी, "काय गं, नाव काय तुझं?"

"सगुणा," आई सांगे.

"जेवलीस का?"

"आत्ताच जेवलीय," हेही आईच सांगे. लेकीला अवघडायला नको, एवढाच तिचा हेतू.

एका दुपारी माती खणताना कुंभारणीच्या पायाला साप चावला. "पळ, वैद्यबुवांना घेऊन ये," ती म्हणाली.

सगुणा धावत गेली. वैद्यबुवा ओसरीवर माणसांशी बोलत बसले होते. ती दाराशी थांबली. बऱ्याच वेळाने वैद्यबुवांचंच लक्ष गेलं.

"कुंभारणीची ना तू? का रडतेस?"

तिने नुसतं घराकडे बोट दाखवलं.

आई वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. शेजारणी सगुणाला बोल लावू लागल्या, तेव्हा कुंभारीण म्हणाली, "तिला कशाला बोलता? आजवर तिच्या वाटचं मीच बोलत आले. तिला सवय कुठून लागणार?"

त्यानंतर कोणी सगुणाला काही विचारलं, की आई मान खाली घालून माती मळत राही. एकदोन गिऱ्हाइकं कंटाळून निघूनही गेली. तरी आईने मान वर केली नाही.

मग एका म्हातारीने विचारलं, "हा माठ पाझरतो का गं?"

सगुणा अडखळत म्हणाली, "पाझरतो. म्हणून तर पाणी गार राहतं."

म्हातारीने माठ घेतला.

सगुणा मोठी झाली. बडबडी मात्र कधीच झाली नाही. एके वर्षी पाटलाने कुंभारांना तळ्यातली माती काढायला बंदी केली. चावडीवर सगळे कुंभार खाली बघत बसले. सगुणा उठली.

"पाटीलबाबा, माती थांबली तर आमची चूल थांबेल. आणि आम्ही गाळ काढला नाही, तर तळंही बुजेल."

पाटील विचारात पडला. संध्याकाळी त्याने बंदी उठवली.

शेजारीण ही बातमी सांगायला आली. "चावडीवर तुझी सगुणा बोलली," ती म्हणाली.

कुंभारणीने चाक थांबवलं. "बस इथे," ती म्हणाली, "आणि पहिल्यापासून सांग."

तात्पर्य: लहानपणी ज्याला रोज थोडं अडखळू दिलं जातं, ते मूल मोठेपणी वेळेला उभं राहतं.