मोरपिसाचं पान

एकदा एक निवृत्त गुरुजी आपल्याच जुन्या शाळेच्या सत्काराला गेले. माळावरच्या गावातली दोन खोल्यांची प्राथमिक शाळा, पटावर बावीस मुलं. आयुष्याची अठरा वर्षं त्यांनी तिथे काढली होती. आता त्यांचाच एक विद्यार्थी तिथे शिक्षक होता आणि वाचनाच्या तपासणीत त्याची शाळा तालुक्यात पहिली आली होती. शिष्य स्वतः जाऊन गुरुजींना घेऊन आला. "तुमच्याच पद्धतीनं शिकवतो, गुरुजी," असं तो वाटेत दोनदा म्हणाला. गुरुजी सुखावले. का सुखावू नयेत? म्हातारपणी असं ऐकायला कोणाला आवडत नाही!

शाळेपुढे मांडव होता, गाव जमलं होतं. मुलं एकेक करून पुढे येत, पुस्तक उघडत आणि धडा घडाघडा वाचत. तपासणीच्या साहेबांपुढे वाचला होता, अगदी तसाच. मग चौथीतली हौसा उभी राहिली. तिने पुस्तक उघडलं तेव्हा पानांतून एक मोरपीस खाली पडलं. गुरुजींनी ते उचललं, पण परत काही देईनात. हातातच धरून बसले.

हौसाने विहिरीचा धडा एका दमात संपवला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिचा बाप बिरू उठला. मेंढरं राखणारा माणूस. तोही याच गुरुजींच्या हाताखालचा, आताच्या शिक्षकाचा वर्गमित्र. त्याने खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं.

"गुरुजी, आईच्या मोतीबिंदूचं पत्र आलंय दवाखान्यातनं. चार दिस झालं, तसंच ठेवलंय. दर खेपेला त्या दुकानदाराच्या हातापाया पडायचं, मग तो वाचणार. म्हटलं, आता पोर हाय की आपली! चार माणसांत तिच्याकडनंच वाचून घेऊ."

लोक कौतुकाने हसले. शिक्षक मात्र झटकन उठला. "अरे बिरू, ते मागाहून वाचू की..."

"मागाहून कशाला? वाच गं."

हौसाने पत्र नीट समोर धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आमच्या गावात एक विहीर आहे. विहिरीचे पाणी गोड आहे..."

"अगं बये," बिरू हसत म्हणाला, "डोळ्याच्या दवाखान्यात विहीर कुठली आली?"

मांडवात हशा पिकला. हौसाला काही कळेना. आपला आवाज कमी पडला असेल असं वाटून ती आणखी मोठ्याने म्हणू लागली, "विहिरीवर बायका पाणी भरतात..." मग हसणं हळूहळू थांबलं. बिरूचंही थांबलं.

गुरुजींनी तिच्या हातातलं पत्र घेऊन वाचलं. म्हातारीला बुधवारी सकाळी डोळ्यांच्या शिबिरासाठी दवाखान्यात बोलावलं होतं. आज गुरुवार होता. पुढचं शिबिर तीन महिन्यांनी.

शिक्षकाने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, आता गुरुजी त्याला चांगलंच झापणार. मला विचाराल तर झापायलाच हवं होतं. पण गुरुजी उठले, पायातल्या चपला काढल्या, बिरू आणि हौसाच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले. वर्गात चुकलेलं पोर उभं राहतं ना, तसे.

"गुरुजी, काय करताय हे? पाप लागंल मला!" बिरू कळवळला.

"बिरू, तुझ्या पुस्तकात मोरपीस कोणत्या पानावर असायचं?"

"बाराव्या," बिरू चटकन म्हणाला. "धडा अजून पाठ हाय. पर वाचाय काय आलं न्हाई बघा. आमचं डोस्कंच दगड."

"दगड नव्हतं रे ते." गुरुजी म्हणाले. "साहेब येणार म्हटलं की प्रत्येकाकडून एकेक धडा पाठ करून घ्यायचा आणि खुणेला मोरपीस ठेवायचं, ही युक्ती माझी. साहेब खूश, मीही खूश. चार वर्षं तू माझ्यापुढे बसलास. तुला अक्षर येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी तुला वर ढकललं." मग ते शिष्याकडे वळले. "तुला तुझ्या वडिलांनी घरी शिकवलं म्हणून वाचायला आलं. श्रेय मात्र मी घेतलं. आणि माझ्याकडून तू नेमकं काय उचललंस, ते आज पाहिलं. या पोरीला कोणी हसू नका. ती खोटं वागलेली नाही. कागद समोर धरून पाठ म्हणायचं, यालाच वाचन म्हणतात, असं आपणच तिला शिकवलंय. लाज वाटायची तर ती आपल्याला."

शिक्षकाला वर बघवेना. बक्षिसाची ढाल टेबलावर होती. ती उचलून कुठे ठेवावी, हेही त्याला सुचेना. शेवटी त्याने जाऊन बिरूचे हात धरले.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. झाली चूक सांगून पुढच्या शिबिरात म्हातारीचं नाव घालून आला आणि पत्र हौसाच्या नावाने शाळेत पाठवा म्हणाला. शाळेतल्या झाडून साऱ्या पुस्तकांतली मोरपिसं त्याने काढली आणि चौथीच्या मुलांना घेऊन अंकलिपीपासून बसला. गावात लोक कुजबुजले. त्याने कुजबुजू दिलं.

शिबिर जवळ आलं तेव्हा पत्र आलं. ते घेऊन शिक्षक बिरूच्या घरी गेला. हौसाने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला घेतलं. 'शस्त्रक्रिया' या शब्दाशी ती अडली, मागे गेली, पुन्हा अडली, घामाघूम झाली. शिक्षकाचे ओठ हलले, पण तो बोलला नाही. बऱ्याच वेळाने तो शब्द निघाला. मग वार निघाला. मग वेळ.

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "अगं, आधी कशी घडाघडा वाचायचीस! आता काय झालं गं तुला?"

शिक्षक खाली बघत म्हणाला, "आजी, आत्ता वाचतेय ती."