गोजराचं जागं लेकरू

शेवरदऱ्याला अजून तळं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी. इतकी जुनी की त्या वेळचं एकही माणूस आज नाही, पण त्यांच्या रक्ताची आपण सगळी इथं बसलोय. का बसलोय, तेच सांगते.

पाऊस सलग दोन-तीन वर्षं रुसला होता. विहिरींच्या तळाला नुसता गाळ उरला होता. गावानं ठरवलं, डोंगरातून येणारा नाला अडवायचा आणि तळं बांधायचं. पुरुष खणत, बाया मुरमाच्या पाट्या डोक्यावरून वाहून बांधावर ओतत. सगळ्यांचे हात एका लयीत चालावेत म्हणून राणोजी मुकादम हलगी वाजवून घ्यायचा. हलगी थांबेस्तोवर कुणी थांबायचं नाही.

तान्ही लेकरं कुठं ठेवायची? नाल्याच्या पात्रात, जिथं पुढं तळ्याचं पोट होणार होतं, तिथं एक जुना करंज होता. त्याच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या असत. झाडाला फळं लगडावीत तशी लेकरं लगडलेली. आणि एकही रडायचं नाही. मुंगीच्या पावलांचा आवाज यावा इतकी शांतता.

का बरं? तर सकाळी ठकूबाई आपली पितळी डबी घेऊन प्रत्येक झोळीपाशी जायची आणि मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून लेकराला चाटवायची. गावाची रीतच होती ती. लेकरू दिवस मावळेपर्यंत झोपायचं आणि आई पाट्या वाहायची. ठकूबाईला कुणी वाईट म्हणत नव्हतं. उलट लोक तिच्या पाया पडायचे.

या ठकूबाईची सून म्हणजे गोजरा. पहिलटकरीण. मुलगी झाली, तिचं नाव बायजा. बाळंतपणानंतर गोजरा कामावर आली. ठकूबाईनं डबी उघडली, तशी गोजरानं लेकीच्या तोंडावर हात धरला.

"नको, आत्याबाई."

"नको म्हंजे? मग ती रडंल की दिसभर!"

"रडू दे."

"अगं सात लेकरं वाढवली मी हिच्यावर. काय मेली का?"

"मेली नाहीत," गोजरा म्हणाली, "पण जागी तरी कुठं झाली? ते बघा तुमचे धाकटे चिरंजीव. फावड्याला टेकून अजून पेंगताहेत."

तो पेंगणारा म्हणजे गोजराचाच नवरा. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ठकूबाई मात्र हसली नाही. त्या दिवसापासून सासूनं सुनेशी बोलणं टाकलं, असं म्हणतात.

बायजा जागी राहिली आणि जागं लेकरू करतं तेच तिनं केलं. ती रडली. भुकेनं रडली, ओलीनं रडली, माशी बसली म्हणून रडली आणि माशी उडाली म्हणूनही रडली. प्रत्येक वेळी गोजरा पाटी खाली टाकून करंजाकडे धावायची. मग हलगीची लय मोडायची, रांग खोळंबायची आणि तोंडं सुटायची. कुणी म्हणे, हिलाच पोर झालंय जगावेगळं. कुणी म्हणे, अंगावर पाजून पाजून लाडावून ठेवलीय. ज्यांनी कधी लेकराचं रडणं ऐकलंच नव्हतं, तेही रडणं कसं थांबवावं याचे सल्ले द्यायला पुढं. असल्या सल्ल्यांना दुष्काळ पडत नाही.

गोजरा एकेकीला एकच उत्तर द्यायची. "ती जागी आहे म्हणून हसते. माझी लेक हसलीच नाही, तर मी कुणासाठी पाट्या वाहू?"

रात्री घरी तिलाही भीती वाटायची. आपलं चुकत असलं तर? एवढी म्हातारी माणसं, एवढ्या जणी, आणि आपण एकटी. पण सकाळी बायजा डोळे उघडून तिच्याकडे बघायची, आणि गोजराचा निश्चय पुन्हा उभा राहायचा.

शेवटी राणोजी मुकादमानं सगळ्यांसमोर बजावलं. "गोजरे, आजपासून हलगी चालू असताना आणि न्याहारीला बसल्यावरबी तिच्याकडं जायचं न्हाई. रडून दमंल, आपोआप गप्प हुईल. उठलीस, तर उद्यापास्नं कामावर यायचं न्हाई."

त्या वर्षी तळ्याचं काम सोडून पोटाला दुसरं काही नव्हतं. गोजरानं पाटी उचलली.

ऊन चढलं. सगळे बांधाच्या पलीकडच्या सावलीला भाकरी खायला बसले. बांध आता एवढा उंच झाला होता, की बसल्या जागेवरून करंज दिसत नव्हता. आभाळ निरभ्र होतं. तेवढ्यात बायजा रडायला लागली.

गोजराचा घास हातातच राहिला. ती उठली. ठकूबाईनं तिचा पदर धरला आणि कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलली. "बस खाली. रोजचंच हाय."

"रोजचं नाही, आत्याबाई. हे भुकेचं नाही, झोपेचं नाही. असं ती कधीच रडली नाही."

"रडण्यात बी परकार असत्यात व्हय?" कुणीतरी म्हणालं. मुकादमानं डोळे वटारले. गोजरानं पदराला हिसका दिला आणि ती बांधावर चढली.

डोंगरापलीकडं वळीव कोसळला होता. इथं थेंबही नव्हता, पण नाला लाल पाणी घेऊन गुपचूप आला होता. करंजाचं खोड बुडालं होतं. झोळ्यांच्या तळाला पाणी चाटत होतं आणि झोळ्यांमधली लेकरं शांत झोपली होती. एकटी बायजा मुठी आवळून रडत होती.

गोजरानं मारलेली हाक ऐकून सगळं गाव बांधावरून पाण्यात उतरलं. म्हणतात की बायजाच्या रडण्याला पाणी थबकलं. मागून लोंढा येत होता, पण तो झोळ्यांच्या काठाशी भिंतीसारखा उभा राहिला. एकेक झोळी सुटली, एकेक लेकरू बांधावर आलं. शेवटचं लेकरू वर आलं, तेव्हाच पाणी पुढं झालं, आणि करंज शेंड्यासकट दिसेनासा झाला.

पण लेकरं उठेनात. पाठीपर्यंत भिजलेली, तरी डोळे मिटलेले. आया त्यांना हलवत होत्या, गालावर थापट्या मारत होत्या. मग गोजरानं बायजाला त्या लेकरांच्या मधोमध ठेवलं. बायजा थांबली नाही. तिचं रडणं डोंगरावर आपटून परत आलं, बाजूला पडलेली हलगी आपोआप घुमू लागली, खालच्या पाण्यावर शहारे उठले. आणि एक लेकरू किरकिरलं. मग दुसरं. मग सगळा बांध रडायला लागला. कितीतरी आयांनी आपल्या लेकराचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे सांगता येत नव्हतं, असं म्हणतात.

सगळ्यांत शेवटी जागा झाला तो ठकूबाईच्या लेकीचा मुलगा. नातू रडला आणि ठकूबाईनं त्याला उचललं. सात लेकरांची ती आई, पण या आवाजाचं काय करायचं ते तिला कळेना. तिनं सुनेकडं बघितलं.

"गोजरे, काय म्हणतंय गं ते?"

गोजरानं कान दिला. "भूक लागलीय म्हणतोय. त्याच्या आईकडं द्या."

ठकूबाईनं दिलं. मग कमरेची डबी काढली आणि नव्या पाण्यात भिरकावली. दुसऱ्या दिवशी राणोजी मुकादमानं बांधाच्या माथ्यावर मांडव घातला, आणि पहिली झोळी त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. लेकरू रडलं, की तोच ओरडायचा, "हलगी थांबवा रे, आईला जाऊ द्या!"

गोजरा म्हातारी होऊन गेली. कुणी म्हणतं, ती गेलीच नाही. लेकरू रडलं की बांधावर आधी तिची पावलं वाजतात, मग आई पोचते. तिला कुणी देवी केलं नाही, शेंदूर लावला नाही. तळ्याला तिचं नाव मात्र दिलं. त्या झोळ्यांमध्ये तुमच्या-माझ्या पणज्यांच्या पणज्या होत्या. ती त्या दिवशी गप्प बसून भाकरी खात राहिली असती, तर ही गोष्ट सांगायला मी नसते आणि ऐकायला तुम्ही नसता. गोजराई, तुझे उपकार.

म्हणून शेवरदऱ्यात आजही लेकराला कुणी "गप्प" म्हणत नाही. कीर्तनात नाही, पंगतीत नाही. आणि वैशाखात, वळवाच्या दिवसांत, त्या वर्षीच्या नव्या आया आपापली लेकरं घेऊन गोजराईच्या बांधावर बसतात. म्हातारी माणसं त्यांच्यासमोर, खालच्या पायरीवर. लेकरू रडलं की गावातल्या सगळ्यांत थोरल्या बाईनं उठायचं, आईजवळ जायचं आणि विचारायचं, "काय म्हणतंय गं लेकरू?" आई जे सांगेल ते ऐकायचं. "आमच्या वेळी" हे शब्द त्या दिवशी बांधावर चालत नाहीत.

परवाच्या वैशाखात एक अगदी कोवळी आई बसली होती. लेकरू डोक्यापासून पाठीपर्यंत जाड कुंचीत गुंडाळलेलं, घामानं निथळलेलं, आणि रडून लाल झालेलं. थोरली आजी गुडघे धरत वर चढली आणि तिनं विचारलं. पोरगी घाबरत म्हणाली, "आजी, उकडतंय म्हणतंय."

ती कुंची आजीनंच शिवलेली होती. आजीनं एकदा कुंचीकडं बघितलं, एकदा तळ्याकडं. मग खाली बसून तिनं मुकाट्यानं कुंचीचे बंद सोडले.