प्रधानजींचं गाणं आणि झाकलेलं मडकं

चंदनगडाचा नगरशेठ प्रजेनेच निवडायचा ठरला. शेजारची राज्यं पाहून आलेले प्रधानजी म्हणाले, "महाराज, मेघपुरात झाकल्या मडक्यात खडे टाकतात, सोनगडात सर्वांदेखत हात वर करतात. हातच बरे! विरोधक लगेच दिसतात."

राजाच्या आत्यासाहेबांना गंमत सुचली. "आधी दोन्ही रीती पारखू. प्रधानजींचं गाणं कोणाकोणाला आवडतं?"

झटकन सगळ्या दरबाराचे हात वर! राजाचासुद्धा.

मग मडकं फिरलं. गाणं आवडत असेल तर पांढरा खडा, नसेल तर काळा. मडकं उपडं केलं, तर एकच पांढरा, बाकी सगळे काळेकुट्ट.

"काळे टाकणाऱ्यांना शोधून फटके मारा!" प्रधानजी कडाडले.

हसू दाबून लालबुंद झालेल्या भाच्याकडे पाहत आत्यासाहेब म्हणाल्या, "मारा की! सुरुवात महाराजांपासून करा."

राजाचं हसू फुटलंच. "नगरशेठ निवडायला मडकंच आणा!"