एकोणिसावा धोंडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. बोरणा नदी तेव्हा आजच्यापेक्षा दोन शेतं पलीकडून वाहायची, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे. नदीच्या अलीकडे आमचं बाभूळवळण गाव आणि दोहोंच्या मध्ये मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, काळी रानं. कुणाचं रान कुठं संपतं हे कळावं म्हणून तिथं सत्तावीस धोंडे पुरलेले होते. धोंडा पुरण्याआधी खड्ड्यात टोपलीभर कोळसा टाकायची रीत होती. धोंडा कुणी सरकवू शकतो, पण खालचा कोळसा शंभर वर्षं जागचा हलत नाही. मात्र कोळसा शोधायला कुठं खणायचं, हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. आमच्या गावात ते वेसकराला ठाऊक असायचं.

वेसकर म्हणजे वेशीची राखण करणारा. त्याला गावात घर नव्हतं, तो वेशीबाहेर राहायचा. त्या वेळच्या वेसकराचं नाव रायनाक. हद्दीवरून तंटा झाला की पंच त्याला बोलवायचे. तो मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचा आणि वेशीपासून निघून हद्द चालून दाखवायचा. माती डोक्यावर असताना खोटं बोलणाऱ्याला जमीन पोटात घेते, असं म्हणतात. आता गंमत बघा. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्याला सगळ्या गावाची जमीन पाठ होती.

रायनाकाला एकच मुलगी होती, ठकी. गावानं त्याला सांगितलं, भावकीतला एखादा मुलगा बघ आणि त्याला शिकव. रायनाक म्हणाला, मुलगी आहे की घरात. गाव हसलं. गावाला हसायला फार लागत नाही.

रायनाकाची शिकवायची तऱ्हा निराळी होती. "लक्षात ठेव" असं तो मुलीला कधी म्हणाला नाही. एका वेळी तो पाचच धोंडे दाखवायचा. हाताला बोटं पाच, तसा डोक्यातही एका वेळी घास पाचाचाच मावतो, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक धोंड्याजवळ तो काहीतरी घडवून आणायचा. पहिल्यापाशी त्यानं तिला चिंच खायला दिली. दुसऱ्यापाशी दंडाला असा चिमटा काढला की ठकी रडली. तिसऱ्यापाशी त्या रानाचा मालक लग्नात घोडीवरून कसा पडला होता ते सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. पुढं म्हातारपणीही पहिल्या धोंड्याचं नाव काढलं की ठकीच्या तोंडाला पाणी सुटायचं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो तिला वेशीत उभी करायचा आणि म्हणायचा, "ठके, आधी तू सांग. मग मी दाखवतो." तिला आठवेना झालं तरी तो गप्प बसायचा. डोकं खाजवू द्यायचा, कावू द्यायचा. आयतं सांगितलेलं वाऱ्यावर जातं आणि घाम गाळून आठवलेलं मुरतं, असं तो म्हणे. आणि ती काय सांगते ते ऐकून झालं की न चुकता धोंड्यापर्यंत जायचं, हात लावायचा, बरोबर आहे का ते बघायचं. मग तेच पाच धोंडे तिसऱ्या दिवशी, मग पुढच्या बाजाराच्या दिवशी, मग अमावास्येला, मग थेट पुढच्या सणाला. विसरायच्या बेतात आलं की पुन्हा. असं करत करत वर्षभरात सत्तावीस धोंडे ठकीच्या अंगात भिनले. ती शेरडं घेऊन निघाली की शेरडंही धोंड्याशी थांबायची, असं म्हणतात. मी काही बघायला नव्हतो.

ठकी सोळा वर्षांची असताना एका दुपारी बापलेक एकोणिसाव्या धोंड्याशी आली. इकडे थोरव्यांचं रान, तिकडे शेवाळ्यांचं. रायनाकाला भोवळ आली. तो खाली बसला, ठकी त्याच्याशेजारी गुडघ्यावर पडली. रानातली माणसं धावली. पण रायनाक काही उठला नाही.

त्या दिवसापासून हद्दी दाखवायचं काम ठकीकडं आलं. गाव कुरकुरलं, पण दुसरं होतं कोण? ठकीनं काम चोख केलं. फक्त एकोणिसाव्या धोंड्याजवळ ती कधी गेली नाही. तिथं आली की लांबून वळसा घालायची. तिथली गोष्ट मात्र ती पुष्कळदा सांगायची, कारण लोक विचारायचे. बाप गेल्याची गोष्ट सांगताना माणूस ती नीट सांगतो, ऐकणाऱ्याचे डोळे कशानं भरतात ते बघून सांगतो. बाबा निंबाच्या सावलीत बसला, वर निंब फुललेला होता, फुलं अंगावर पडत होती. असं ती सांगायची. चाळीस वर्षं सांगत राहिली. आता तिला सगळे ठकाई म्हणायला लागले होते.

मग तो पूर आला. बोरणा नदीनं एका दिवसात सगळी मळी पोटात घातली आणि चौथ्या दिवशी ओकून टाकली. पाणी उतरलं तेव्हा रानात धोंडा नव्हता, बांध नव्हता, झाड नव्हतं. हातभर गाळ तेवढा होता, तव्यावरच्या धिरड्यासारखा सपाट. उभ्या पिकाचं दुःख करायलाही कुणी थांबलं नाही. जो तो म्हणू लागला, माझं रान इथवर. थोरव्यांच्या रंभाजीनं आणि शेवाळ्यांच्या तुळाजीनं तर कुऱ्हाडीच काढल्या. दोघांची रानं शेजारी, दोघांचे चार-चार मुलगे आणि सगळे बापाच्या वळणावर गेलेले.

पाटलानं ठकाईला बोलावलं. "ठके, खुणा तर सगळ्याच गेल्या. तुला दाखवता येईल?"

"येईल," ठकाई म्हणाली.

रंभाजी म्हणाला, "पाटील, बाईमाणसाच्या बोलण्यावर रान सोडायचं म्हणजे बोली पक्की पायजे. एक जरी जागा चुकली तर हे काम तिच्याकडनं काढायचं. बलुतंबी बंद."

बलुतं म्हणजे खळ्यावर कामाबद्दल मिळणारं धान्य. ठकाईच्या घरात चूल पेटायची ती त्याच्यावर. पण ती म्हणाली, "चालंल. काढा."

सारं गाव वेशीत जमलं. ठकाईनं ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि चक्क डोळे मिटले. बाहेर बघण्यासारखं उरलंच काय होतं? ती आतल्या आत जुन्या रानात उतरली आणि चालू लागली. इथं चिंच. इथं चिमटा. इथं घोडीवरून पडलेला नवरदेव. ती थांबेल तिथं पंच खणायला सांगायचे, आणि हातभर खाली कोळसा लागायचा. दुसऱ्या जागी कोळसा, तिसऱ्या जागी कोळसा. गुडघाभर चिखलात ती अशी चालत होती की तिची पावलंच उमटत नव्हती, असं म्हणतात. आणि एक बगळा तिच्या पुढं पुढं चालत होता म्हणे. अठरा जागी खणलं आणि अठरा जागी कोळसा लागला.

मग ती एकोणिसाव्याकडं वळली. कुऱ्हाडी होत्या त्या याच जागेसाठी. आणि असं म्हणतात की इथं पहिल्यांदा तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. तिच्या ते ध्यानात आलं नाही. सत्तावीसांतली हीच जागा तिला सगळ्यांत लख्ख आठवत होती. ती थांबली आणि म्हणाली, "हितं. हितं निंब व्हता."

खणलं. हातभर खणलं, कमरेएवढं खणलं. कोळसा नाही.

तुळाजी म्हणाला, "चुकली." रंभाजी म्हणाला, "चुकली कशी? कोळसा पुरानं नेला. तिचा शब्द म्हंजे शब्द." रंभाजीला एकाएकी बाईमाणसाचा शब्द पटला होता, कारण त्या जागेनं त्याला बारा पावलं रान जास्त मिळत होतं. पाटलालाही ते सोयीचं वाटलं. अठरा बरोबर आले, एकाला कोळसा नाही, असू दे. लोकांनीही माना डोलावल्या. ठकाईनं नुसतं "होय" म्हटलं असतं तर काम टिकलं असतं, चूल टिकली असती. आणि ती खोटं बोलत होती असंही नाही. तिला खरोखरच तसं आठवत होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. ती रंभाजीचीच आई, कोंडाई. काठी टेकत, चिखल तुडवत ती ठकाईसमोर उभी राहिली.

"ठके, तुझा बाप निंबाखाली बसला न्हवता. बोरीखाली बसला. धोंडा बोरीच्या बुडाशी व्हता. मी कळशी घिऊन पळत आले. मीच वरून पानी वतलं आन् त्यानं वंजळ धरली. निंबाच्या सावलीला तर त्याला मागनं उचलून नेला, तवर त्यो गेला व्हता."

"आये, गप ऱ्हा," रंभाजी म्हणाला.

"का म्हून? मी बोरीचा काटा टाचंत घिऊन घरी गेले त्या दिशी. रान तुझं हाय, टाच माझी हाय."

 चाळीस वर्षं ठकाई निंबाची फुलं बघत आली होती. मग डोक्यावरचं ढेकूळ एका हातानं धरून ती वाकली आणि दुसऱ्या हातानं आपला डावा गुडघा चाचपला. तिथं एक जुना वण होता. बापाशेजारी गुडघ्यावर पडली तेव्हा काहीतरी रुतलं होतं, काय ते तिनं कधी आठवलंच नव्हतं. निंबाला काटा नसतो.

तिच्या डोळ्यांना धार लागली. बाप गेला त्याचं दुःख होतंच. पण बाप शेवटचा जिथं जिवंत होता ती जागाच आपण हरवली, आणि तीही त्याच्यावरच्या मायेपायी सांगून सांगून, याचं तिला जास्त लागलं. तिनं ढेकूळ खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं चुकलं."

आमच्या गावात हे शब्द त्याआधी कुणी चारचौघांत बोललं नव्हतं, असं म्हणतात. मला ते सहज पटतं.

बारा पावलं पलीकडे खणलं. हातभर खाली बोरीचं कुजलेलं मूळ लागलं, आणि मुळाखाली कोळसा. बारा पावलं रान तुळाजीचं ठरलं. रंभाजीची कुऱ्हाड हातातच राहिली. सगळ्या गावासमोर आईनं सांगितल्यावर तो ती उगारणार कुणावर? ढेकूळ पुन्हा डोक्यावर घेऊन ठकाईनं उरलेल्या आठ जागा दाखवल्या आणि आठही बरोबर निघाल्या.

पाटील म्हणाला, "ठके, बोली इसरू. काम तुझ्याकडंच ठेव."

"बोली झाली ती झाली, पाटील. काम काढा. पर पुन्यांदा एकाच्या डोक्यावर दिऊ नका. जे रोज बोलले आन् कदी जाऊन बघितलं न्हाई, तेच माझं हाललं. एका धोंड्याला तीन मानसं लावा. एक हिकडच्या रानातलं, एक तिकडच्या, एक वेशीभाईरचं. आन् बोलनं झालं की धोंड्याला हात लावून या."

तसंच झालं. कोळसा लागला तिथं तिथं नवे धोंडे पुरले. सत्तावीस धोंड्यांना एक्क्याऐंशी माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बाया. त्या सगळ्यांना ठकाईनं बापाच्या तऱ्हेनं शिकवलं, पाच-पाच करून, आधी विचारून आणि मग दाखवून. गावानं तिचं बलुतं मरेपर्यंत चालू ठेवलं, असं म्हणतात. दोन वर्षं दिलं आणि मग विसरले, असंही म्हणतात. मला दुसरं खरं वाटतं.

आता मोजणीचे सरकारी नकाशे आलेत, यंत्रं आलीत. तरी अक्षय्य तृतीयेच्या सकाळी बाभूळवळण आजही हद्द चालतं. सगळ्यांत लहान पोराला आधी विचारतात, मग दाखवतात. पहिल्या धोंड्याशी चिंच मिळते, दुसऱ्याशी चिमटा. एकोणिसाव्या धोंड्याशी नवी बोर लावलेली आहे. तिथं सगळे थांबतात, आणि ज्याचं वर्षभरात काही चुकलं असेल त्यानं ते मोठ्यानं सांगायचं असतं. काही वर्षी तिथं चांगलाच वेळ मोडतो. घरात नवराबायकोचं वाजलं, दोघंही हट्टाला पेटली, तर म्हातारी माणसं म्हणतात, "एकोणिसाव्यावर या आता."

आणि सत्तावीसही धोंडे झाले की सगळे वेशीबाहेर जातात. ठकाईला तिकडेच माती दिली होती. पण कुठं, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. तिच्या उशाला कुणी धोंडा पुरला नाही, कोळसा टाकला नाही, तीन माणसं लावली नाहीत. सगळ्या गावाची जागा जिनं ध्यानात ठेवली, तिची जागा गावानं वर्षभरातच घालवली.

म्हणून दरवर्षी मातीची तीन ढेकळं नेतात. एक म्हातारा म्हणतो चिंचेजवळ, दुसरा म्हणतो ओढ्याच्या काठाला, तिसरा म्हणतो जुन्या आडामागं. तिघांच्या तिन्ही जागी एकेक ढेकूळ ठेवतात. मग सगळ्यांत वडील माणूस, मग तो कुठल्याही घरातला असो, डोक्यावरचं पागोटं काढतो आणि म्हणतो, "ठकाई, आमचं चुकलं. कुणाला आठवत असंल तर सांगा."

सगळे थोडा वेळ वाट बघतात. कुणी बोललं नाही की घरी जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात.